शिडाची नाव आणि क्लबचे नाव

कोलकात्यात धर्मतल्याला मेट्रोतून उतरून रस्त्यावर आले की एका अंगाला बसगाड्या, फेरीवाले आणि माणसांची तोबा गर्दी दिसते. दुसऱ्या अंगाला मात्र एकदम आभाळ मोकळे होते. हेच कोलकात्याचे प्रसिद्ध मैदान. सुमारे चारशे हेक्टरांचा हा हिरवा पट्टा दक्षिणेकडे व्हिक्टोरिया मेमोरियलपर्यंत पसरलेला आहे. पश्चिमेला हुगळीच्या काठावर इंग्रजांनी बांधलेला फोर्ट विल्यम उभा आहे. किल्ल्यावरून तोफा डागताना मध्ये अडथळा नको म्हणून ही जमीन मोकळी ठेवली गेली. तोफा गप्प झाल्या, पण मोकळी जागा राहिली आणि त्या जागेवर बंगालचा फुटबॉल वाढला. २०२५ च्या सुरुवातीला या किल्ल्याचे नाव ‘विजय दुर्ग’ झाल्याची बातमी आली. हे नाव आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून घेतलेले आहे. म्हणजे आता मैदानाच्या कडेला मराठी मुलखाची एक आठवणही नांदते आहे.

मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे येथे कोणालाही पक्के बांधकाम करता येत नाही. त्यामुळे येथल्या क्लबांच्या कचेऱ्या लाकूड आणि पत्र्याच्या बैठ्या वास्तूंमध्ये आहेत. त्यांना सगळे ‘टेंट’, म्हणजे तंबूच म्हणतात. मुंबईच्या आझाद मैदानावरचे क्रिकेट क्लबांचे तंबू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था चटकन समजेल. ईडन गार्डन्सपासून चालत गेले की काही मिनिटांतच हिरव्या आणि मरून रंगांनी रंगवलेले एक फाटक लागते. फाटकावर शिड उभारलेल्या नावेचे चिन्ह असते. हा मोहन बागान क्लब. १५ ऑगस्ट १८८९ रोजी स्थापन झालेला हा क्लब आशियातील सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबांपैकी एक आहे.

श्यामबाजारचे दादू

या क्लबची गोष्ट समजून घ्यायची तर तंबूपेक्षा त्याच्या समर्थकाकडे गेलेले बरे. उत्तर कोलकात्यात, श्यामबाजारजवळच्या एका गल्लीत, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. गल्लीतली मुले त्यांना ‘दादू’ म्हणतात. दादू म्हणजे आजोबा. त्यांचा जन्म १९४८ चा. त्यांच्या घरात मोहन बागानचा पाठिंबा हा कोणी निवडायचा विषयच नव्हता. पंढरीची वारी जशी घराण्यात चालत येते, तसा तो आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्यांच्याकडे आला.

घरही मोक्याच्या ठिकाणी आहे. येथून थोड्याच अंतरावर फडियापुकुर भागात ‘मोहन बागान लेन’ नावाची गल्ली आहे. तेथे एकेकाळी कीर्ती मित्र यांची ‘मोहन बागान’ नावाची हवेली आणि बाग होती. क्लब तेथे जन्माला आला आणि हवेलीचेच नाव क्लबला मिळाले. पहिले अध्यक्ष होते भूपेंद्रनाथ बसू, जे पुढे १९१४ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आरंभी क्लबच्या नावात ‘स्पोर्टिंग क्लब’ असे शब्द होते. वर्षभरातच ते बदलून ‘ॲथलेटिक क्लब’ असे झाले. हवेली पुढे पाडली गेली, बाग गेली, पण ‘मोहन बागान’ हे दोन शब्द राहिले. या दोन शब्दांसाठी आपल्याला म्हातारपणी रुसून बसावे लागेल, असे मात्र दादूंना कधी वाटले नव्हते.

अनवाणी पायांचा विजय

दादूंच्या लहानपणी घरात रामायण-महाभारताच्या बरोबरीने एक तिसरी कथा सांगितली जाई. ती होती १९११ सालची. लॉर्ड कर्झनने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली होती आणि देश संतापलेला होता. लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. त्या काळात आय.एफ.ए. शील्ड ही मोठी मानाची स्पर्धा होती आणि ती गोऱ्या पलटणींच्या संघांचीच मक्तेदारी समजली जाई. मोहन बागानने एकेक फेरी जिंकत उपांत्य सामन्यात मिडलसेक्स रेजिमेंटला हरवले आणि २९ जुलै १९११ रोजी अंतिम सामन्यात तो संघ ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटसमोर उभा राहिला. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. एकट्या सुधीर चॅटर्जी यांच्या पायात बूट होते.

सामना पाहायला आसपासच्या गावांतून लोक लोटले. रेल्वेने खास गाड्या सोडल्या. गर्दीत मागे उभ्या असलेल्यांना काही दिसत नसे, म्हणून गोल झाला की त्याची खबर पतंग उडवून दिली जात होती. पहिला गोल गोऱ्यांनी केला. मग कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अखेरच्या मिनिटांत अभिलाष घोष यांच्या गोलने मोहन बागान २-१ असा जिंकला. एका भारतीय संघाने शील्ड जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली दरबारात बंगालची फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली. या दोन घटनांचा सरळ संबंध इतिहासकार लावत नाहीत. दादूंचे आजोबा मात्र तो बिनदिक्कत लावत. त्या अकराजणांना आजही ‘अमर एकादश’ म्हणतात आणि २९ जुलै हा ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो.

क्लबचे नाव मग बंगालपुरते राहिले नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या रोव्हर्स चषकासाठी मोहन बागानला बोलावणे आले. पहिल्याच खेपेस संघाने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून तो हरला. पुढे मात्र कूपरेजच्या मैदानावर या संघाने रोव्हर्स चषक अनेकदा उचलला. मुंबईतल्या जुन्या फुटबॉलप्रेमींना हिरव्या-मरून जर्सीची ओळख झाली ती या चषकामुळेच.

चिंगडी विरुद्ध इलिश

दादूंनी पहिला सामना पाहिला तो १९५७ मध्ये, वडिलांच्या खांद्यावर बसून. तेव्हा संघात चुनी गोस्वामी नावाचा एक उमदा तरुण खेळत होता. पुढे १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. चुनीबाबू क्रिकेटही खेळत. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध उतरलेल्या बंगाल संघाचे ते कर्णधार होते. क्लब फुटबॉलमध्ये मात्र त्यांनी मोहन बागान सोडून दुसरी जर्सी कधी अंगावर चढवली नाही. दादूंच्या लेखी निष्ठेची व्याख्या तेथे सुरू होते आणि तेथेच संपते.

दादूंच्या निष्ठेची परीक्षा घरातच झाली. १९७४ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि सून म्हणून आली ती ‘बांगाल’ घरातली मुलगी. कोलकात्यात मूळ पश्चिम बंगालच्या लोकांना ‘घोटी’ म्हणतात आणि पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेल्यांना ‘बांगाल’. घोटी मोहन बागानचे आणि बांगाल १९२० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट बंगालचे, असा ढोबळ हिशेब. ठाकुमांचे, म्हणजे गल्लीतल्या मुलांच्या आजीचे, कुटुंब १९५० मध्ये बारिसालहून सगळे सोडून आले आणि जादवपूरकडच्या निर्वासितांच्या वसाहतीत राहिले. घर गेले, शेत गेले, तळे गेले. नव्या शहरात आपले म्हणावे असे जे थोडे होते, त्यात लाल-पिवळ्या रंगाचा एक क्लब होता.

या दोन क्लबांचे वैर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. मोहन बागान जिंकला की घोटी घरात चिंगडी, म्हणजे मोठी कोळंबी, शिजते. नारळाच्या दुधातली ‘मलाई करी’ त्या दिवशी हवीच. ईस्ट बंगाल जिंकला की बांगाल घरात इलिश, म्हणजे हिलसा मासा, येतो. सामन्याच्या संध्याकाळी बाजारात कोणत्या माशाचा भाव चढला, यावरून निकाल कळतो असे गमतीने म्हणतात. दादूंच्या घरी दोन्ही मासे यायचे. जिंकलेला आनंदाने खाई आणि हरलेला मुकाट्याने.

ठाकुमांच्या भात्यात एक बाण कायम तयार असतो. अमर एकादशातले बरेचजण मूळचे पूर्व बंगालचे. ‘चीनची भिंत’ म्हणून गाजलेले बचावपटू गोष्ठ पाल फरीदपूरचे आणि चुनी गोस्वामींचा जन्म किशोरगंजचा. तेव्हा तुमच्या क्लबने नाव काढले ते आमच्या माणसांच्या जिवावर, असे त्या सुनावतात. यावर दादूंना पन्नास वर्षांत उत्तर सापडलेले नाही.

पाच गोल, पेले आणि सोळा जीव

लग्नाला वर्ष झाले आणि ३० सप्टेंबर १९७५ हा दिवस उजाडला. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. समर्थकांचा संताप एवढा होता की मोहन बागानच्या काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत नावेवर काढली, असे सांगितले जाते. एका तरुण समर्थकाने त्या दुःखात जीव दिला. दादू दोन दिवस कचेरीत गेले नाहीत. त्या रात्री ठाकुमांनी माहेरहून आलेला इलिश शिजवलाच नाही, शेजारी देऊन टाकला. संसारात कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब दादू मांडतात, तेव्हा या इलिशचे नाव सर्वांत आधी घेतात.

दोनच वर्षांनी भरपाई झाली. २४ सप्टेंबर १९७७ रोजी खुद्द पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाबरोबर ईडन गार्डन्सवर उतरले. पावसाने मैदान चिंब झाले होते. जगज्जेत्यांचा भरणा असलेल्या त्या संघाला मोहन बागानने २-२ असे बरोबरीत रोखले. गोलरक्षक शिबाजी बॅनर्जींचा खेळ लोकांच्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. मोहन बागानचे गोल केले ते हबीब आणि श्याम थापा यांनी. हेच थापा १९७५ च्या त्या पाचांतले दोन गोल मारणारे! मैदानावर माणसे अशी इकडून तिकडे जात. खेळाडू क्लब बदलू शकतो, प्रशिक्षक बदलू शकतो, समर्थकाला मात्र ती सोय नसते. त्या हंगामात पी. के. बॅनर्जींच्या मार्गदर्शनाखाली संघाने शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तिन्ही चषक जिंकले.

त्या दिवसांत तिकिटासाठी सकाळपासून रांगा लागत आणि घोडेस्वार पोलिस गर्दी आवरत. ज्यांना तिकीट मिळत नसे ते किल्ल्याच्या उतारावर उभे राहत. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात आरसे बसवून केलेले पेरिस्कोप मैदानाबाहेर विकायला असत. ते डोळ्याला लावून मागचे लोक माणसांच्या भिंतीपलीकडचा खेळ पाहत. मध्यंतरात झालमुडी, घुगनी आणि मातीच्या भांड्यातला चहा. घरी बसलेल्या बायकांना आकाशवाणीवरचे बंगाली समालोचन.

याच वेडाची काळी बाजू १६ ऑगस्ट १९८० रोजी दिसली. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा लीग सामना होता. मैदानावरच्या भांडणाचे पडसाद गॅलरीत उमटले, दगड-विटा उडाल्या, चेंगराचेंगरी झाली आणि सोळाजण मृत्युमुखी पडले. दादू त्या दिवशी गॅलरीत होते. गर्दीत चप्पल हरवली आणि ते अनवाणी, चालत घरी आले. दारात ठाकुमा लहान मुलाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कोण जिंकले ते विचारले नाही. दादू पुढची दोन वर्षे मैदानावर फिरकले नाहीत. मन्ना डे यांनी या घटनेवर गायलेले गाणे लागले की आजही ते रेडिओ बंद करतात. १६ ऑगस्ट हा दिवस आता बंगालमध्ये फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून रक्तदान करून पाळला जातो. दादूंनी साठी ओलांडेपर्यंत दरवर्षी रक्त दिले.

आजोबांना दत्तक कोणी घेतले?

नंतर काळ झपाट्याने बदलला. परदेशी खेळाडू घ्यायचा नाही हा जुना शिरस्ता मोडून १९९१ मध्ये नायजेरियाचे चिमा ओकोरी हिरव्या-मरून जर्सीत आले. सुरुवातीला दादूंना ते रुचले नाही. पण १९९९ मध्ये आलेल्या ब्राझीलच्या होसे बारेटो यांनी त्यांचे मन जिंकले. दादू त्यांना श्यामबाजारचाच मुलगा समजतात. १९९८ मध्ये मद्य उद्योगातील एक बडी कंपनी क्लबमध्ये भागीदार झाली आणि क्लबच्या नावाआधी तिच्या उत्पादनाचे नाव लागले. गंमत म्हणजे ईस्ट बंगालच्या नावाआधीही त्याच उद्योगसमूहाचे दुसरे नाव झळकले. लोक हसले आणि विसरले. बोलताना ते नाव कोणी उच्चारलेच नाही.

पैशाची गरज दादूंना कळत होती. खेळाडूंचे पगार, प्रवास, प्रशिक्षक, सरावाची मैदाने हे सगळे सभासदांच्या वर्गणीतून भागत नाही. मधली कित्येक वर्षे राष्ट्रीय विजेतेपदाविना गेली. २०१५ मध्ये बंगळूरमध्ये १-१ अशी बरोबरी साधून संघाने तेरा वर्षांनी देशाची लीग जिंकली, तेव्हा स्वागताला विमानतळावर हजारो लोक लोटले. पण तोवर इंडियन सुपर लीग ही नवी, श्रीमंत स्पर्धा सुरू झाली होती. शहरात २०१४ मध्ये जन्मलेला नवा संघ त्या झगमगाटात खेळत होता आणि सव्वाशे वर्षांचा क्लब बाहेर उभा होता.

जानेवारी २०२० मध्ये घोषणा झाली. या नव्या संघाचा, म्हणजे एटीकेचा, मालक असलेला आर. पी. - संजीव गोयंका समूह मोहन बागानच्या फुटबॉल विभागात ८० टक्के भागीदारी घेणार आणि २० टक्के क्लबकडे राहणार. १० मार्च २०२० रोजी कल्याणीला आयझॉल संघाला हरवून मोहन बागानने चार सामने शिल्लक ठेवून आय-लीग जिंकली. पुढच्याच आठवड्यात करोनामुळे सगळे ठप्प झाले. २० मार्चला पी. के. बॅनर्जी गेले, ३० एप्रिलला चुनी गोस्वामी गेले. टाळेबंदीत दादू चुनीबाबूंना शेवटचा नमस्कार करायलाही जाऊ शकले नाहीत. आणि जुलैत नाव जाहीर झाले : ‘एटीके मोहन बागान’.

जर्सी हिरवी-मरूनच राहिली. चिन्हावर शिडाची नावही राहिली. पण नावाआधी ती तीन अक्षरे बसली. सहा वर्षांच्या पोराने एकशे एकतीस वर्षांच्या आजोबांना दत्तक घेतले आणि आडनाव स्वतःचे लावले, असे दादू म्हणत. त्यांनी ठरवले की ही अक्षरे जाईपर्यंत स्टेडियमची पायरी चढायची नाही. पहिली दोन वर्षे सामने गोव्यातच, बंदोबस्तात झाले, त्यामुळे त्यांच्या प्रतिज्ञेची कोणाला झळ लागली नाही. २०२२ मध्ये सामने कोलकात्यात परतले. नातू पुण्याहून, हिंजवडीतल्या नोकरीतून, रजा काढून आला. त्याने दोन तिकिटे आणली होती. दादू गेले नाहीत. त्यांनी घरी टीव्हीवर सामना पाहिला, तोही आवाज बंद करून. समालोचक संघाचे नाव घेतात ते कानांवर पडायला नको म्हणून.

नातवाचे म्हणणे वेगळे होते. संघ चांगला खेळतो आहे, चांगले खेळाडू येत आहेत, मग तीन अक्षरांसाठी एवढा हट्ट कशाला? दादूंनी त्याला एकच विचारले. आपल्या घरावरची पाटी उद्या कोणी दुरुस्तीचा खर्च देतो म्हणून बदलली, तर घर दुरुस्त झाले म्हणून तू खूश होशील का? नातू गप्प बसला. पण तोही पुढे समर्थकांच्या त्या गटात सामील झाला, जो गॅलरीत फलक धरून आणि रस्त्यावर मोर्चे काढून एकच मागणी करत होता : एटीके काढा. मागणी खेळाडूंविरुद्ध नव्हती, पैसेवाल्यांविरुद्धही नव्हती. ती केवळ दोन शब्दांसाठी होती.

१८ मार्च २०२३ च्या रात्री गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. बंगळूरविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये कोलकात्याचा संघ ४-३ ने जिंकला. त्यानंतर संजीव गोयंका यांनी जाहीर केले की पुढच्या हंगामापासून संघाचे नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ असेल. पुण्याहून नातवाचा फोन आला तेव्हा दादू जागेच होते. टीव्हीचा आवाज त्यांनी तीन वर्षांनी पहिल्यांदाच सुरू केला होता.

नातवाने चेष्टेने आठवण करून दिली की हे शेपूट पुण्याला ओळखीचे आहे. याच समूहाचा ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ हा क्रिकेट संघ २०१६ आणि २०१७ मध्ये आयपीएलमध्ये खेळला होता. दादूंनी शेपटाची फारशी तक्रार केली नाही. त्यांच्या मते शेपूट मागे असते, पाहिले नाही तरी चालते. मुखवटा तोंडावर असतो.

जिंकूनही उरलेली रुखरुख

त्यानंतरचे दिवस विजयाचे आले. १५ एप्रिल २०२४ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटीला २-१ ने हरवून मोहन बागानने सुपर लीगमधील अव्वल स्थानाची शील्ड प्रथमच जिंकली. पहिला गोल गोव्याच्या लिस्टन कुलासोचा होता. दादू त्या दिवशी नातवाचा हात धरून गॅलरीत होते. तीनच आठवड्यांत त्याच मैदानावर मुंबई सिटीने अंतिम सामना ३-१ ने जिंकून त्याचा बदला घेतला. पण २०२४-२५ च्या हंगामात मोहन बागानने शील्ड आणि चषक दोन्ही पटकावले.

एवढे मिळूनही दादूंच्या मनात काही गोष्टी सलतात. मोठे सामने आता मैदानावर होत नाहीत, ते शहराच्या पूर्वेला सॉल्ट लेकला होतात. १९११ च्या संघात जवळजवळ सगळे बंगाली होते. आता मैदानात उतरणाऱ्या अकरांत बंगाली मुलगा शोधावा लागतो. दुहेरी विजय मिळवणाऱ्या संघाचा कर्णधार शुभाशिष बोस बंगाली होता, एवढे समाधान. गल्लीतली मुले रात्री जागून इंग्लंड-स्पेनचे सामने पाहतात आणि तिकडच्या क्लबांच्या जर्सी घालतात. दादू त्यांना रागावत नाहीत. निकाल काय लागला एवढे विचारतात आणि मग हळूच पतंगांची गोष्ट काढतात.

बदल सगळेच वाईट नाहीत, हेही ते मान्य करतात. पूर्वी गॅलरीत बाईमाणूस दिसणे विरळा होते. आता मुली, सुना, लेकी जर्सी घालून येतात. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी जे पाहिले ते आयुष्यात कधी पाहिले नव्हते. त्यांच्या घराजवळच्याच आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. शहर पेटून उठले. १८ ऑगस्टचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना सुरक्षेचे कारण देऊन रद्द करण्यात आला. सामना नव्हता, तरी त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर जमले. मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही आले. हिरवा-मरून आणि लाल-पिवळा झेंडा शेजारी शेजारी धरून सगळ्यांनी त्या मुलीसाठी न्याय मागितला. १९८० मध्ये एकमेकांवर दगड फेकणाऱ्यांची ही पुढची पिढी. ठाकुमा आणि दादू टीव्हीसमोर बसून ते दृश्य पाहत राहिले. त्या रात्री घरात ना चिंगडी शिजली ना इलिश.

क्लब म्हणजे नक्की काय, असा प्रश्न अशा वेळी पडतो. खेळाडू बदलतात, मैदान बदलते, मालक बदलतो, चषक येतात आणि जातात. हवेलीची तर वीटही उरलेली नाही. उरते ते नाव, आणि ते उरते कारण कोणीतरी घरात ते मुलांना देत राहते. कंपनीने पैसे घालावेत, संघ उत्तम चालवावा, नफाही घ्यावा, त्याबद्दल दादूंची तक्रार नाही. पण जे तिने निर्माण केले नाही, त्यावर तिने आपले नाव पुढे लावू नये, एवढीच त्यांची अट होती. एका पेन्शनरच्या रुसव्याने कोणाचे काही बिघडले नसते. त्याच्यासारखे हजारो रुसले म्हणून नाव परत आले.

जायचे असेल तर

कोलकात्याला गेलात तर व्हिक्टोरिया मेमोरियल आणि हावडा पुलाबरोबर या फुटबॉलच्या खुणाही पाहून घ्याव्यात. श्यामबाजार मेट्रो स्थानकाजवळ उतरून मोहन बागान लेन पायी पाहता येते. त्याच मेट्रोने धर्मतल्याला, म्हणजे एस्प्लनेड स्थानकाला, आले की मैदानावरचे क्लबांचे तंबू आणि ईडन गार्डन्सजवळचा गोष्ठ पाल यांचा पुतळा चालण्याच्या अंतरावर आहेत. ऑगस्ट २०२५ पासून एस्प्लनेडहून सॉल्ट लेक स्टेडियमलाही थेट मेट्रो जाते. थंडीच्या दिवसांत हवा छान असते, पण मैदान खरे खुलते ते पावसाळ्यात. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना असेल तर तिकीट आधी काढावे आणि कपड्यांचा रंग जपून निवडावा.

मोहन बागानच्या तंबूच्या आसपास संध्याकाळी काही वयस्क मंडळी चहा पीत बसलेली असतात. त्यांच्याशी बोलायला बंगाली यावेच लागते असे नाही. क्लबचे नाव काय, एवढेच विचारावे. सरकारदरबारी ते आज कितीही शब्दांचे असो, उत्तर दोनच शब्दांचे मिळेल.